जुनी ट्रेडमिल कशानं गेली, ते आधी बघा

बेळगावात ट्रेडमिल बंद पडते ती हमखास पावसाळ्यात. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. टिळकवाडीकरांना व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, कॅम्पाकडच्यांना रेसकोर्स आहे, गावातल्यांना किल्ला तलाव आहे, आणि हवा तर फिरायला बोलावणारीच. जूनच्या मध्यावर झड लागली, सूर्य दिसेनासा झाला, की हँडलवर वाळत घातलेले टॉवेल निघतात आणि मशीन पुन्हा सुरू होतं. आठ-नऊ महिने पट्ट्याखाली तेलाचा थेंब गेलेला नसतो, खालची फळी दमट हवा पिऊन बसलेली असते, त्यात वीज दिवसातून चारदा जाते नि येते. पंधरवड्यात करपल्याचा वास येतो. निपाणीकडे पाऊस त्या मानानं कमी, पण तिकडे धूळ आहे आणि संध्याकाळी उतरणारं व्होल्टेज आहे. निकाल तोच.

मग घरात ठरतं, जुनी साधीच होती, आता जरा बरी घेऊया. बरी म्हणजे काय? तर जिच्या खोक्यावरचा एचपीचा आकडा मोठा, पडदा मोठा आणि मोबाइलला जोडता येते ती. बजेट पंचवीस-तीस हजारांचं असतं, ओढूनताणून चाळीसपर्यंत जातं. दोन पावसाळे सरतात आणि तीही कोपऱ्यात जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की, दुकानात जायच्या आधी जुन्या मशिनचं पोस्टमॉर्टेम करा. जुनी ज्या कारणानं गेली, तेच कारण घरात नवीची वाट बघत बसलेलं असतं. कधी कधी तर जुनी गेलेलीच नसते.

झाकण उघडा

प्लग काढा. दहा मिनिटं थांबा, कारण आतल्या बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती चांगलाच झटका देते. मग पुढच्या झाकणाचे चार-सहा स्क्रू काढा. स्वतःला जमत नसेल तर गल्लीतला मोटर रिवाइंडिंगवाला बोलवा. ट्रेडमिलचा मेकॅनिक शोधत बसायची गरज नाही. वडगाव, खासबाग भागात यंत्रमागांमुळे मोटरची नाडी ओळखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उद्यमबागेत तर लेथवर रोलर चढवून देणारेही भेटतात.

असं एक झाकण उघडताना मी शेजारी उभा होतो. आत मोटरभोवती राखाडी धूळ घोंगडीसारखी बसली होती. त्या माणसानं ती ब्रशनं झाडली, मोटरच्या बाजूची काळी टोपणं स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवून काढली आणि आतून कार्बनचे ठोकळे बाहेर काढून तळहातावर ठेवले. एक बोटाच्या पेराएवढा शिल्लक होता, दुसरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. ‘मोटर चलो ऐत्री,’ तो म्हणाला, म्हणजे मोटर चांगली आहे. कार्बनची जोडी काही शे रुपयांत मिळाली आणि मशीन चालू झालं. घरच्यांनी तोवर नव्या मशिनची चौकशी तीन दुकानांत करून ठेवली होती.

पडदा लागतो पण पट्टा हलत नाही, असं असेल तर शंका तीन ठिकाणी घ्यायची. मोटरवरून रोलरवर जाणारा बारीक रेघांचा पट्टा तुटला किंवा निसटला असेल, कार्बन संपले असतील, किंवा कंट्रोलर बोर्ड गेला असेल. वायरमन मल्टीमीटर लावून मोटरच्या दोन वायरींवर वीज येते का बघेल. वीज येते आणि मोटर फिरत नाही, तर दोष मोटरकडे. वीजच येत नाही, तर बहुतेक बोर्डाकडे. वेग पडद्यावर चुकीचा दिसतो, मशीन सुरू होऊन पाच-दहा सेकंदांत थांबतं, असं असेल तर रोलरजवळचा वेग मोजणारा छोटा सेन्सर आणि त्याच्यासमोरचं लोहचुंबक बघा. नुसतं सरकलेलंही असतं. घर्रर्र आवाज येत असेल तर रोलरची बेअरिंग. बेअरिंगचा नंबर तिच्या कड्यावर कोरलेला असतो, तो घेऊन मोटारसायकलच्या पार्टांच्या दुकानात गेलं तरी काम होतं.

पाय टेकला की पट्टा अडखळतो, मशीन गुंगुं करतं, घरातली एमसीबी पडते. ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. प्लग काढलेल्या अवस्थेत पट्ट्याखाली हात घाला आणि फळीच्या मधोमध बोटं फिरवा. बोटांना तेलकट बुळबुळीतपणा लागला तर ठीक. कोरडी काळी पूड लागली तर पट्टा फळीवर घासत होता, त्या घर्षणाशी झुंजायला मोटर जास्त करंट ओढत होती आणि तो सगळा करंट बोर्डातून जात होता. बोर्ड जळाला असेल तर तो यामुळे. नवा बोर्ड घालून कोरड्याच पट्ट्यावर चालू लागलात तर तोही जळेल. तेल म्हणजे शुद्ध सिलिकॉन तेल, दुसरं काही नाही. खोबरेल, शिलाई मशिनचं तेल, गंज काढायचा फवारा यांनी पट्टा आतून सोलवटतो, मग फळीही खराब होते.

फळी सपाट आहे की मध्ये खोलगट, फुगीर, चरे पडलेली, हेही त्याच वेळी कळतं. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाटावर गुळगुळीत थर बसवून ही फळी करतात. भिंतीला ओल आली, गळकं पत्र्याचं छप्पर असलं, की ती कडेनं फुगते. काही मशिनची फळी दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते, उलटी करून बसवली की पुन्हा काही वर्षं जातात. एका बाजूचीच असेल आणि मधोमध तडा गेला असेल, तर खर्च करू नका.

एक लक्षण मात्र दिसलं की दुरुस्तीचाही विचार सोडा, निदान त्या मशिनवर कुणाला चढू देऊ नका: बटण न दाबता वेग आपोआप वाढत जाणं. हा बोर्डातला दोष असतो आणि त्यात माणसं तोंडावर पडतात.

सगळा हिशोब मांडल्यावर दुरुस्ती नव्या मशिनच्या किमतीच्या एक तृतीयांशात बसत असेल, फळी आणि सांगाडा धड असेल, तर दुरुस्ती करा. त्याहून जास्त सांगितलं तर नवी बघा. हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही.

एचपीचं गणित

आता नवी. दुकानदार पहिला आकडा एचपीचा सांगतो. चार एचपी, पाच एचपी, जाहिरातीत सहासुद्धा. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. चार एचपी म्हणजे जवळजवळ ३,००० वॉट. घरातला साधा सहा अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर जास्तीत जास्त १,३८० वॉट देतो, म्हणजे पावणेदोन एचपीच्या थोडा वर. ज्या मशिनच्या वायरीला साधा सहा अँपिअरचा प्लग आहे ते चार एचपी आणणार कुठून? खोक्यावरचा आकडा ‘पीक’ असतो, म्हणजे मोटर क्षणभर किती झटका देऊ शकते त्याचा. आपल्याला अर्धा तास चालायचं असतं. त्यामुळे सतत टिकणारी ताकद विचारा. त्याला कंटिन्यूअस एचपी म्हणतात.

विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही. दुकानातल्या नमुन्याचं पुढचं झाकण काढून दाखवायला सांगा. मोटरवर एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. दोन्ही गुणा आणि ७४६ नं भागा. समजा १८० व्होल्ट आणि ६ अँपिअर लिहिलंय, तर १,०८० वॉट झाले, म्हणजे साधारण दीड एचपी. खोक्यावर चार लिहिलेलं असलं तरी तुमच्या हातात येते ती ही दीड. दुकानदार झाकण काढायला तयार नसेल तर तोच कंपनीला फोन करून पट्टीचा फोटो मागवू शकतो. तेवढंही करत नसेल तर पुढं तक्रार घेऊन गेल्यावर तो काय करणार, याचा अंदाज तुम्हाला तिथंच येतो.

लोकांचा एक समज आहे की धावणाऱ्याला मोठी मोटर लागते आणि नुसतं चालणाऱ्याला कशीही चालते. चालणारा साठ किलोचा असेल तर खरं. पण आपल्याकडे ट्रेडमिल घेतो कोण? डॉक्टरांनी ‘वजन कमी करा, चालत जा’ सांगितलेला नव्वद किलोचा माणूस. तो ताशी तीन किलोमीटरनं हळू चालतो. डीसी मोटरला हाच प्रकार सगळ्यांत जड जातो. वेग कमी म्हणजे मोटर सावकाश फिरते, तिच्याच दांड्यावर बसवलेला पंखाही सावकाश फिरतो, आणि प्रत्येक पावलाला नव्वद किलो पट्ट्यावर दाबले जातात, त्यामुळे करंट मात्र जास्त. गरम होतेय आणि वारा लागत नाही, अशी अवस्था. जड माणसानं सावकाश चालायचं असेल तर मोटर दणकट हवी, हे दुकानात कुणी सांगत नाही.

म्हणून वजनाची मर्यादा बघताना घरातल्या सगळ्यांत जड माणसाच्या वजनात पंचवीस-तीस किलो मिळवा. नव्वदचा माणूस असेल तर ‘११० किलोपर्यंत’ लिहिलेलं मशीन काठावरचं समजा, १२०-१३० वालं बघा. मर्यादा खरी की कागदी, हे मशिनच्याच वजनावरून कळतं. चाळीस किलोच्या आसपासचं मशीन १३० किलोच्या माणसाला वर्षानुवर्षं झेलेल यावर माझा विश्वास नाही.

पैसे कशाला घालायचे, कशाला नाही

बजेटवाल्यानं वेगाच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. चालणाऱ्याला ताशी सहा पुरतात, भरभर चालणाऱ्याला सात. सोळापर्यंतचा वेग हा तरण्या मुलासाठी असतो, आणि तो मुलगा बहुधा पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीला असतो.

त्याऐवजी चढ बघा. हृदयाची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची चाचणी ज्यांनी दिली आहे त्यांना हे अनुभवानं माहीत असेल. सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडलेली पद्धत आजही आपल्या दवाखान्यांतून वापरली जाते. तिचा पहिला टप्पा ताशी अवघ्या २.७ किलोमीटरचा असतो, पण १० टक्के चढावर. तीन मिनिटांनी वेग ४ होतो आणि चढ १२ टक्के, पुढच्या तीन मिनिटांनी साडेपाच आणि १४ टक्के. कुणी धावत नाही, तरी घाम फुटतो तो चढामुळे. चढावर माणसाचं वजनच पट्टा खाली ढकलतं, त्यामुळे मोटरवरचा भारही थोडा हलका होतो. गुडघ्यांचं मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

बटणावर चढणारी मशिनं महाग पडतात. हातानं खिट्टी बदलून तीन पायऱ्यांचा चढ देणारी स्वस्त असतात. बजेटमध्ये दुसरीच बसणार, आणि ती चालते. अडचण एकच, चढ बदलायला दर वेळी खाली उतरून मागचा भाग उचलावा लागतो. एकटी राहणारी आजी ते करणार नाही. मग कायम मधल्या पायरीवर लावून टाकायचा.

पट्ट्याची रुंदी चाळीस सेंटिमीटरच्या खाली घेऊ नका. बेचाळीस-पंचेचाळीस मिळाली तर उत्तम. हात न धरता चालताना पाय कडेच्या पट्टीवर पडत नाही. लांबी चालण्यापुरती ११०-१२० सेंटिमीटर पुरते. उंच माणसाची ढांग मोठी, त्यानं १२५ च्या पुढं जावं. मागचा रोलर जितका जाड तितका पट्टा कमी वाकतो आणि बेअरिंग टिकतात. साठीच्या पुढच्यांसाठी हँडल लांब हवं, चढायची पायरी बुटकी हवी आणि सुरुवातीचा वेग ताशी एकपेक्षा जास्त नको. कपड्याला अडकवायची सेफ्टी की हवीच. घरात लहान मुलं असतील तर वापर झाला की ती की काढून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायची.

स्पीकर, ब्लूटूथ, मसाजरचा पट्टा, पोटाच्या बैठकांची जोड, मोबाइल ॲप हे सगळं सोडून द्या. हँडलवरचे नाडी मोजणारे पत्रे घाम आला की काहीही आकडा दाखवतात. विजेशिवाय पायानं ढकलायच्या मशिनबद्दल एवढंच, ती स्वस्त आहेत पण चालण्याची लय बसत नाही. हँडल नसलेली, पलंगाखाली सरकणारी वॉकिंग पॅड तरुणांसाठी ठीक, ज्येष्ठांसाठी नको.

माणूस कुठून येणार?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात खरी मेख इथं आहे. मशीन कुठल्या दुकानातून आलं याला फार महत्त्व नाही. ते बिघडल्यावर कुठल्या गावचा माणूस येणार, याला आहे.

निपाणीचंच घ्या. कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या दुप्पट लांब. निपाणीकरांची सोनंनाणं, कापड, दवाखाना ही सगळी ये-जा कोल्हापूरला. अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात निपाणीची पोरं चालत जातात नि महाराष्ट्रात शिकून येतात. पण कंपन्यांचा सेवाविभाग पिनकोड बघतो. ५९१२३७ टाकलं की कर्नाटक, की तक्रार जाते बेळगाव, हुबळी नाहीतर थेट बेंगळुरूच्या यादीत. कोल्हापूरचा तंत्रज्ञ कोगनोळी नाक्याच्या अलीकडे यायला तयार असतो, पण कंपनी त्याला ते काम देत नाही. हुबळीचा माणूस तवंदी घाट उतरून एका कार्बनच्या जोडीसाठी येत नाही, आठवडाभर कामं साठवतो. चंदगड, गडहिंग्लजकडच्यांची गत थोडी उलटसुलट, पण जात तीच. चंदगडकराला बेळगाव जवळ आणि तक्रार कोल्हापूरला.

त्यामुळे पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर, दुकानदाराच्या नव्हे, स्वतः फोन करा. आपला पिनकोड सांगा आणि विचारा, इथं माणूस कुठल्या गावाहून येतो, वॉरंटीत त्याच्या येण्याचे पैसे लागतात का, आणि या मॉडेलचा कंट्रोलर बोर्ड आज साठ्यात आहे का. हिंदी, कन्नड, मराठी कुठल्याही भाषेत बोला, पण उत्तर ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. ‘सर, ऑल इंडिया सर्व्हिस आहे’ हे उत्तर नव्हे. पॉवरमॅक्स, फिटकिट, कॉकटू, लाइफलाँग, डिकॅथलॉनचं डोमियॉस अशी बरीच नावं बाजारात आहेत. कुठल्या नावाचा माणूस तुमच्या गल्लीपर्यंत पोचतो हे जाहिरातीवरून कळत नाही, या फोनवरूनच कळतं. दोन मशिनांत मन अडकलं असेल तर ज्याचा माणूस जवळचा ते घ्या, मोटर थोडी लहान असली तरी.

‘मोटरवर तीन वर्षं वॉरंटी’ वाचून हुरळू नका. मोटर सहसा जात नाही, जातो तो बोर्ड, आणि त्याची वॉरंटी बहुतेक वर्षाचीच असते. बारीक अक्षरात व्होल्टेजच्या चढउतारानं झालेलं नुकसान वगळलेलं असतं. आपल्याकडचं निम्मं नुकसान तिथंच होतं.

पूर्वी नाक्यापलीकडे खरेदी केली की करात फरक पडायचा आणि लोक त्या हिशोबानं कोल्हापूर की बेळगाव ते ठरवायचे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि तो फरक गेला. आता कुठल्याही बाजूला पक्कं बिल सारखंच. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ असं कुणी म्हटलं तर ते दोन हजार वॉरंटीची किंमत आहेत. बिलावर मशिनचा सीरियल नंबर लिहून घ्या.

कोल्हापूरच्या दुकानातून घेतलं नि भांडण झालं तर कोल्हापूरला खेटे घालावे लागतील ही भीती नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे निपाणीकर बेळगावच्या आयोगाकडे जाऊ शकतो, विक्रेता कोल्हापूरचा असो वा मुंबईचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात.

वापरलेली घ्यावी का?

बेळगावात घ्यावी. लष्करी छावणी, सांबऱ्याचं हवाई दलाचं केंद्र, मेडिकल आणि इंजिनिअरिंगची कॉलेजं, यामुळे इथं बदलीवर आलेली आणि बदलीवर चाललेली घरं बरीच. मार्च ते जूनमध्ये अशा घरांतून कमी वापरलेली मशिनं निघतात आणि निम्म्या किमतीला मिळतात. बघायला जाताना चालायचे बूट घालून जा. घरातल्या जड माणसाला बरोबर घ्या, त्याला ताशी तीनच्या वेगानं दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि मग मोटरच्या झाकणाला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका नको. पाऊल टेकताना पट्टा थबकतो का बघा. पट्ट्याखाली बोटं घालायची तपासणी इथंही करा. पडद्यावर एकूण चाललेले किलोमीटर दाखवायची सोय असेल तर बघा. कंपनी अजून त्या मॉडेलचे सुटे भाग देते का, हे त्यांच्या घरातूनच फोन करून विचारा.

बंद पडलेल्या जिमची मोठी मशिनं स्वस्तात मिळतात म्हणून मोहात पडू नका. दीड-दोनशे किलोचं ते धूड जिन्यावरून चढवताना भिंतीचा कोपरा जातो. त्यातल्या बऱ्याच मशिनांत एसी मोटर आणि इन्व्हर्टर ड्राइव्ह असतो, तो बिघडला तर गल्लीतला माणूस हात लावत नाही.

वीज, जागा आणि राखून ठेवायचे पैसे

तीस हजारांचं बजेट असेल तर मशीन सव्वीस-सत्तावीसचं घ्या, उरलेले घरासाठी ठेवा. सोळा अँपिअरचं वेगळं पॉवर सॉकेट काढून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर ट्रेडमिल चालवू नका. वायर गरम होते, व्होल्टेज आणखी उतरतं. अर्थिंग तपासून घ्या. जुन्या शहापूर, वडगावच्या घरांत ती असल्याचं सांगतात, पण मीटर लावल्यावर नसते. पट्ट्याच्या घर्षणानं स्थिर वीज साठते, अर्थिंग नसेल तर हँडलला हात लावला की चिमटा बसतो, नि तीच वीज बोर्डालाही छळते.

निपाणीच्या आसपासच्या गावांत शेतीपंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, बंद झाले की उसळतं. तिथं स्टॅबिलायझर हवाच, तोही मशिनच्या करंटला पुरणारा. फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर इथं कामाचा नाही. आकाशात विजा कडाडत असताना चालू नका आणि काम झालं की प्लग काढून ठेवा. बोर्ड वाचवायचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल चालत नाही. वीज गेली की पट्टा जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढं झेपावतो, म्हणून वीज कंपनी हेस्कॉमवर अवाजवी विश्वास न ठेवता एक हात हँडलजवळ असू द्यावा.

बिलाची काळजी फार नको. चालताना साधारण ५००-६०० वॉट लागतात, रोज अर्ध्या तासाचे महिन्याला आठ-नऊ युनिट झाले. कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत असाल तर मात्र हिशोब करा. तुमच्या सरासरीवर ठरलेली मर्यादा ओलांडली तर वरच्या युनिटांचे पैसे पडतात, आणि २०० च्या वर गेलं तर अख्ख्या बिलाचे.

ट्रेडमिलच्या मागं किमान दोन मीटर मोकळी जागा ठेवा. तोल गेलेला माणूस मागं फेकला जातो, तिथं कपाट किंवा भिंत असली की डोक्याला लागतं. लाकडी माडीवर ठेवू नका. ओलीच्या भिंतीपासून हातभर लांब, खाली रबराची चटई. निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी घर असेल तर दर दोन महिन्यांनी झाकण काढून मऊ ब्रशनं धूळ झाडायला हवी.

मशीन आलं की खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, खोकं महिनाभर जपून ठेवा. परत द्यायची मुदत बहुधा आठवड्याची असते. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकानं रोज चालायचं, म्हणजे दोष असेल तर तेव्हाच बाहेर पडेल. पट्टा उजवीकडे सरकत असेल तर मागचा उजवा बोल्ट एलन-कीनं घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, डावीकडे सरकत असेल तर डावा. पाव फेऱ्याच्या वर नाही. पाच मिनिटं रिकामं चालवून बघायचं, मग हवा तर आणखी पाव. जास्त आवळलेला पट्टा बेअरिंग खातो.

जुनं मशीन भंगारवाला किलोच्या भावानं मागेल. लोखंड त्याला द्या, मोटर देऊ नका. तिच्यात तांबं असतं आणि चालू असेल तर रिवाइंडिंगवाला वेगळे पैसे देतो. बोर्ड धड असेल तर काढून घरी ठेवा: बरीचशी मशिनं चीनमध्ये बनतात आणि इथं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, त्यामुळे तोच बोर्ड दुसऱ्याच नावाच्या मशिनात सापडतो. आणि सेफ्टी की, एलन-की, उरलेली तेलाची बाटली भंगारात टाकू नका.